कान उडवलेल्या फरशा

सुग्रीव मिस्तरी भिंतीला लगेच हात लावायचा नाही. आधी तिच्यासमोर उकिडवा बसायचा, गुडघ्यावर खिशातली दस्ती टाकून, गालात सुपारीचं खांड धरून. घरमालकाला वाटायचं, हा माणूस बसून दिवस घालवतोय. मग तो उठायचा आणि म्हणायचा, "नवं काई आनू नका. घरात फुटकं काय काय हाय ते काढा."

आणि घराघरातून फुटकं निघायचं. तडकलेल्या कपबश्या, कपाटाचा चिरलेला आरसा, खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या, डब्यात राहिलेल्या लग्नातल्या बांगड्यांच्या काचा. सुग्रीव त्यातून न्हाणी सजवायचा. बाटल्या आडव्या घालून त्यांची बुडं भिंतीतून बाहेर काढायचा, म्हणजे सकाळचं ऊन आत आलं की आंघोळ करणाऱ्याच्या पाठीवर गोल गोल ठिपके पडत. ओल्या सिमेंटवर जुन्या साडीचा जरीकाठ दाबून उचलायचा, भिंतीवर वेल उमटलेली असायची. सिमेंटात नीळ कालवून अशी घोटाई करायचा की चार बाय पाचाच्या मोरीत आभाळ उतरल्यासारखं वाटावं. येलदरीच्या धरणापासून जिंतूरच्या बाजारापर्यंत थोडक्या पैशांत न्हाणी करून घ्यायची म्हटलं की लोक त्याचंच नाव सांगत. अशा न्हाणीत पाव्हणा आंघोळीला गेला की लवकर बाहेर येत नाही, असं बायका म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

हे हुन्नर त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी तो आणि छबूबाई दरसाल कोयता घेऊन गंगाखेडच्या बाजूला ऊस तोडायला जायचे. एका हंगामात त्याच्या पायाच्या अंगठ्यावर कोयता उतरला. जखम भरेपर्यंत फडात उभं राहता येईना. फडाला लागूनच एका बागायतदाराच्या बंगल्याचं बांधकाम चाललं होतं. सुग्रीव लंगडत तिथं जाऊन बसायचा आणि राजस्थानी कारागीर फरशी कशी बसवतात ते बघायचा. दीड महिना नुसतं बघितलं. अंगठा बरा झाला तेव्हा त्यानं कोयता छबूबाईच्या हातात दिला आणि थापी मागून घेतली. तो डावरा. डाव्या हातानं थापी चालवताना बघून कारागीर हसले, पण पहिल्याच दिवशी त्यानं बसवलेल्या ओळीला ओळंबा लावून बघितल्यावर हसायचे थांबले. पुढच्या सालापासून नवरा-बायको ऊसतोडीला गेले नाहीत. सुग्रीव फरशी बसवायचा, छबूबाई माल कालवायची.

फरशीच्या कामात एक रिवाज आहे, तो कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक असतो. काम संपल्यावर उरलेली सबंध फरशी मालकाची असते आणि तुकडे मिस्तरीचे. मालक तुकडे टाकूनच देणार असतो, मिस्तरी ते पोत्यात भरून नेतो. सुग्रीवच्या सगळ्या कलेचा जीव त्या तुकड्यांत होता.

पण तुकडे कधी कधी कमी पडत. आणि पेटीत एखादी फरशी अशी निघायची की तिच्यावरून नजर हटू नये. सुग्रीव ती उजव्या हातात धरायचा, आजूबाजूला मालक नाही हे बघायचा, आणि थापीच्या दांड्यानं वरच्या डाव्या कोपऱ्यावर एक टोला द्यायचा. हलका. टक् असा आवाज व्हायचा आणि फरशीचा दोन बोटं कान उडून जायचा. कान उडाला की फरशी सबंध राहिली नाही, तुकडा झाली. तुकडा झाली म्हणजे मिस्तरीची. उडालेला तिकोनी कान तो खिशात टाकायचा, कारण तो तिथं राहिला तर कुणीतरी फरशीला लावून बघायचं आणि म्हणायचं, ही तर चिकटतीय की.

छबूबाई घमेलं घेऊन तिथंच असायची. एकदा ती म्हणाली होती, "हे बरं न्हाई, शिवाचे आबा."

"काय बरं न्हाई? फुटली ती."

"फुटली की फोडली?"

"तू माल कालव. घट्ट व्हायलाय."

त्यानंतर ती त्यावर बोलली नाही. फक्त तो कान उडवायला लागला की माल कालवायचा फावडा जरा जोरात वाजवायची.

घरी आला की सुग्रीव खिसा रिकामा करायचा आणि ते तिकोनी तुकडे शिवकन्येच्या ओंजळीत द्यायचा. त्याची एकुलती एक पोर. निळे, गुलाबी, फुलाची पाकळी आलेले, सोनेरी रेघ आलेले. ती त्यांनी अंगणात ठिकरीपाणी खेळायची. गल्लीतल्या पोरींच्या ठिकऱ्या म्हणजे खापराचे तुकडे, हिच्या चकचकीत. तिनं ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवले होते. तिला वाटायचं, प्रत्येक मिस्तरी आपल्या पोरीसाठी असे तुकडे आणत असतो.

नऊ वर्षांमागे जिंतूरला राजेश्री मॅडमचं काम निघालं. शाळेवर शिक्षिका होत्या, नवं घर बांधलं होतं. न्हाणीसाठी त्यांनी परभणीहून बारा फरशांची एक पेटी स्वतः जाऊन आणली होती. फिकट निळं पाणी आणि त्यावर मान उंचावलेला पांढरा हंस. बारा हंसांची एक ओळ डोळ्यांच्या उंचीवर घ्यायची, असं त्यांनी सांगितलं आणि त्या शाळेत गेल्या. सुग्रीवनं पेटी उघडली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग एकामागून एक सहा हंसांचे कान उडवले.

संध्याकाळी मॅडम आल्यावर त्यानं खाली बघून सांगितलं, "सहा फुटल्या मॅडम. पेटीतच धक्का बसला आसंल."

त्यांचा चेहरा उतरला. दोनदा परभणीला जाऊन आल्या, पण तो नमुना बंद झाला होता. शेवटी म्हणाल्या, "असू द्या मिस्तरी. एक हंस आणि एक पांढरी, असं बसवा." वर म्हणाल्या, "दुसरा असता तर गुपचूप चिकटवून मोकळा झाला असता. तुम्ही फुटलं ते फुटलं म्हणून सांगितलं."

हे त्या मनापासून बोलल्या होत्या आणि पुढं दहा ठिकाणी बोलल्या. त्यांचे मामा किशनराव जिंतूरच्या पलीकडच्या एका खेड्यात राहायचे, पाच-सात एकर शेती, एकुलता एक मुलगा हरिओम. हरिओमला स्थळं बघायला लागले तेव्हा राजेश्रीनंच शिवकन्येचं नाव सुचवलं. किशनराव कुरकुरले होते, मिस्तऱ्याची पोरगी म्हणून. राजेश्री म्हणाली, "मामा, माणूस सरळ आहे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." त्या एका शब्दावर लग्न ठरलं.

लग्नानंतरच्या संक्रांतीला सुग्रीव लेकीला भेटायला गेला. हात-पाय धुवायला मोरीकडे वळला तेव्हा त्यानं ती बघितली. तीन बाजूंनी पत्रे, वर मोकळं आभाळ, खाली एक शहाबादी फरशी, आणि दाराच्या जागी जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या खालच्या टोकाला गाठ मारून दगड बांधला होता.

"दगड कशाला?" त्यानं विचारलं.

शिवकन्या हसली. "वारं सुटलं की उडतोय आबा. म्हनून बांधलाय. तांबडं फुटायच्या आत न्हाऊन घेते मी, मग कुनी नसतंय."

सुग्रीव पायांवर पाणी ओतत राहिला. गावोगावच्या लोकांच्या आंघोळीसाठी त्यानं आभाळ खाली आणलं होतं, आणि त्याची पोर दगडाच्या भरवशावर न्हात होती.

यंदा जेठात धोंड्याचा महिना आला. लेकीचा पहिलाच धोंडा. जावयाला वाण द्यायचं असतं, आणि पहिल्या धोंड्याचं वाण गावात सांगितलं जातं. सुग्रीव नि छबूबाई जेवणाचं आवतण द्यायला गेले तेव्हा शिवकन्येची सासू मनकर्णाबाई चहा देता देता म्हणाली, "आमच्या गल्लीत रंगनाथच्या पोराला सासऱ्यानं चांदीचं ताट दिलं म्हनं, वाटी-पेल्यासकट. आमाला काई नको बाई. आमी आपलं कानावर आलेलं सांगायलोत."

सुग्रीवनं बशी खाली ठेवली. "इहीनबाई, मी न्हानी देतो."

किशनराव सुपारी कातरता कातरता थांबून व्याह्याला म्हणाले, "धोंड्यात अनारसे देतेत, चांदी देतेत. मोरी देनारा सासरा मी पयलाच बघायलोय, याही."

"बघून तर घ्या. येनारा पाव्हना आधी न्हानीत जाईल, मंग बैठकीत बसंल."

"आन बाहेर न्हाई आला तर?"

"तर जेवायचं ताट वाचलं की तुमचं."

किशनराव खळखळून हसले. मनकर्णाबाईही पदर तोंडाला लावून हसली. दाराच्या आड उभ्या शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलेलं फक्त छबूबाईला दिसलं.

अकरा दिवस काम चाललं. सुग्रीवनं घरामागच्या छपरातून वीस वर्षांची पोती काढली आणि टेम्पोत घालून आणली. पत्रे काढून विटांच्या भिंती घेतल्या, ढाळ असा काढला की तांब्याभर पाणीही रेंगाळू नये. मनकर्णाबाईचे गुडघे दुखायचे म्हणून धरायला एक दांडा बसवला. लाकडी दार लावलं, आतून कडी. आणि मग भिंत सजवायला घेतली.

पोत्यांत सत्तरएक फरशा होत्या, सगळ्या कान उडवलेल्या. आजवर तसल्या फरशा त्यानं एकेक-दोनदोन करूनच इथं तिथं वापरल्या होत्या. सगळ्या एका भिंतीवर कधीच आल्या नव्हत्या. त्यानं एक नमुना काढला. चार फरशा अशा जोडायच्या की चौघींचे उडालेले कान मधोमध एकत्र येतील आणि तिथं चौकोनी खळगा पडेल. त्या खळग्यात लाल-हिरव्या बांगड्यांची काच पांढऱ्या सिमेंटात बसवायची. भिंतभर फुलं फुलली. हंसांना मात्र उलटं-पालटं करता येत नव्हतं, ते सरळच बसवायला हवे होते. म्हणून त्यांची एक ओळ वेगळी घेतली, डोळ्यांच्या उंचीवर, आणि प्रत्येक हंसाच्या वर डाव्या कोपऱ्यात आरशाचा तिकोन भरला. हंसाच्या डोक्यावर चांदणी आल्यासारखी दिसायला लागली.

हे हंस कुणाचे, हे तो विसरला होता असं नव्हे. पण त्याच्या लेखी ते फुटलेले हंस होते. नऊ वर्षांत त्यानं स्वतःला ते इतक्या वेळा सांगितलं होतं की टोल्याचा आवाज त्याच्या कानातून निघून गेला होता. उलट त्याला वाटत होतं, मॅडम येतील, बघतील आणि म्हणतील, मिस्तरी, फुटक्याचं काय सोनं केलंत.

छबूबाईनं हंस वर चढताना बघितले. "त्या येनार हायेत नव्हं?" एवढंच म्हणाली.

"येऊ दे की. बघू दे."

धोंड्याचं जेवण आदल्या दिवशी सुग्रीवच्या घरी झालं. दुसऱ्या दिवशी किशनरावांकडे न्हाणीच्या उंबऱ्यावर नारळ फोडायचा होता. गल्ली लोटली. हरिओमनं पहिली आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच बाहेर येऊन सासऱ्याला लाजत म्हणाला, "मामा, आत गेल्यावर बाहेर यावं वाटत न्हाई." मग बायका आळीपाळीनं आत जाऊन यायला लागल्या. मनकर्णाबाई दाराशी उभी राहून एकेकीला सांगत होती, "माज्या याह्यानं केलंय. सोताच्या हातानं. नवी फरशी एक न्हाई ह्यात, सगळं टाकाऊतलं." काल-परवापर्यंत चांदीच्या ताटाचं बोलणारी ही बाई आज छाती पुढं काढून उभी होती. शिवकन्या हळदी-कुंकू लावत फिरत होती आणि तिची मान ताठ होती. सुग्रीव लिंबाच्या सावलीत खाटेवर बसून ते सगळं डोळे भरून बघत होता. किशनराव शेजारी बसून ज्याला त्याला म्हणत होते, "हे आमचे याही."

राजेश्री मॅडम उन्हातून आल्या. केस थोडे पिकले होते. मामीच्या पाया पडल्या, शिवकन्येच्या गालाला हात लावला आणि न्हाणीत गेल्या. सुग्रीव खाटेवरून उठला, दस्तीनं तोंड पुसलं आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. शाबासकी घ्यायला.

त्या आत बराच वेळ उभ्या होत्या. हंसांच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. प्रत्येक आरशाच्या तिकोनावर बोट थांबलं. मग त्या खाली बघायला लागल्या, फुलांकडे. एका फुलात चार कान, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात चार. शिवकन्या कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्या मागेच आली होती.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, वर्गात एखाद्या पोराला जवळ बोलावून विचारावं तसा. "ह्या सगळ्या फरशा फुटलेल्या आहेत ना?"

"व्हय मॅडम. पेटीतच तशा येतेत."

"सगळ्यांचा एकच कोपरा कसा फुटतो?"

सुग्रीवनं भिंतीकडे बघितलं. अकरा दिवस तो ती भिंत बघत होता, पण आता पहिल्यांदा त्याला ती दिसली. एकटी फरशी फुटलेली दिसते. सत्तर फरशा, सत्तरांचा तोच कान, तेवढाच दोन बोटं, तसाच तिरपा. त्या भिंतीवर त्याचा डावा हात उमटला होता. बांगड्यांच्या काचा घालून त्यानं तो सजवला होता आणि गावाला बघायला बोलावलं होतं.

"आता... कसं सांगावं," तो म्हणाला.

"हो का," मॅडम म्हणाल्या. वळून शिवकन्येसमोर कपाळ धरलं, हळदी-कुंकू लावून घेतलं आणि बाहेर गेल्या. बाहेर मामीनं विचारलं, "काय राजू, कशी काय झाली?" तर म्हणाल्या, "चांगली झालीय मामी. दांडा बसवला ते फार बरं झालं." जेवल्या आणि दुपारच्या गाडीनं निघून गेल्या.

बाप-लेक न्हाणीत उभे राहिले. ती हंसाच्या डोक्यावरचा आरशाचा तिकोन बघत होती.

"आबा," ती हळू म्हणाली, "माज्या ठिकऱ्या."

तो दाराच्या कडीशी चाळा करायला लागला.

"निळ्या सहा व्हत्या. पान्याच्या. त्या मी खेळताना सुदीक काढत नव्हते, फुटतील म्हनून."

"शिवा..."

"राजेश्रीताईच्या शब्दावर मी ह्या घरात आले आबा. मामंजी आजून सांगतेत लोकास्नी, राजूनं पारखून दिलेलं घर हाय म्हनून." तिनं करंडा खाली ठेवला, परत उचलला. "गावात दुसरा मिस्तरी येईल कधी. एखादी बाई येईल, आमच्या बी फरशा आशाच फुटल्या व्हत्या म्हनंल. मंग मी काय सांगू? तुमी सांगा मला, तेच सांगीन."

बाहेरून मनकर्णाबाई हाक मारत होती, "शिवकन्ये, आबाला वाढ की गं, माणूस सकाळपासून उपाशी हाय." सुग्रीव जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. किशनराव म्हणाले, "खुशीनं बिघडलं आसंल," आणि चारजण हसले.

घरी आल्यावर छबूबाईनं न विचारता माळ्यावरचा बिस्किटाचा डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. सुग्रीवनं झाकण उघडलं. वीस वर्षांचे कान त्यात पडले होते. गुलाबी कुणाकडचा, सोनेरी रेघेचा कुणाकडचा, प्रत्येक त्याला ओळखू येत होता, आणि आता प्रत्येकाबरोबर एकेक चेहराही येत होता. खाली बघून, फुटली म्हणून सांगितलेला एकेक मालक. एका विधवा बाईनं देवघरासाठी आणलेल्या दोन फरशा होत्या, त्यातली एक. त्या बाईनं त्याला त्या दिवशी गूळपोळी करून घातली होती. त्यानं त्यातून सहा निळे तिकोन वेचून वेगळे काढले.

"मला तवाच बोलायला पायजे व्हतं," छबूबाई म्हणाली. "मी नुसता फावडा वाजवत बसले."

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं तो जिंतूरला गेला. खिशात कागदात गुंडाळलेले सहा निळे तिकोन होते. रविवार होता, राजेश्री मॅडम घरीच होत्या. त्यानं पुडी सोडून त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. त्यांनी बसा म्हटलं, तो बसला नाही.

"काढून आनून दिल्या आस्त्या," तो म्हणाला. "पन बसलेली फरशी सबंध निघत न्हाई मॅडम. निघती ती चुरा होऊन निघती."

त्यांनी एक तिकोन उचलून उन्हात धरला. "मला त्या दिवशी राग फरशीचा आला नाही मिस्तरी. नऊ वर्षं मी तुमचं नाव लोकांना सांगत फिरले." तिकोन परत पुडीत ठेवून म्हणाल्या, "मामाला मी काही बोलले नाही. बोलणारही नाही. ते माझं काम नाही."

"न्हानी बघू का एकदा?"

त्यांनी मानेनंच हो म्हटलं. तो आत जाऊन उभा राहिला. एक हंस, एक पांढरी, एक हंस, एक पांढरी. पांढऱ्या फरशांवर मॅडमनी काहीबाही लावून त्या भरायचा प्रयत्न केला होता. एकीवर साबणाची जाळी, एकीवर खुंटी, एकीवर प्लॅस्टिकचं कमळ चिकटवलेलं, त्याचा रंग उडालेला. नऊ वर्षं. त्याला तिथं जास्त वेळ उभं राहवेना.

तिथून तो सरळ किशनरावांकडे गेला. पोचला तेव्हा चारचं ऊन अंगणात तिरपं झालं होतं. किशनराव खाटेवर होते, हरिओम फवाऱ्याचा पंप दुरुस्त करत होता, मनकर्णाबाई डाळ निवडत होती. शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुग्रीवनं तांब्या घेतला नाही.

"आधी बोलतो," तो म्हणाला, आणि बोलला. थापीचा टोला, उडवलेला कान, खिसा, खाली घातलेली मान, सगळं. राजेश्री मॅडमचे सहा हंससुद्धा. बोलताना तो अंगणातल्या एका मुंगळ्याकडे बघत होता. मुंगळा डाळीचं टरफल ओढत होता. बोलणं संपलं तेव्हा टरफल उंबऱ्यापर्यंत गेलं होतं.

हरिओमच्या हातातला पाना थांबला होता. मनकर्णाबाईनं सूप बाजूला सरकवलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला. चारचौघांत छाती काढून उभं राहिलेली बाई, तिला आता कुठं बघावं कळेना.

किशनरावांनी सुपारी कातरली. अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. दुसरी अर्धी पुढं करायचा त्यांचा रोजचा रिवाज होता, ती त्यांनी डबीत ठेवली.

"पाडतो म्हनलं तर?" सुग्रीव म्हणाला. "दोन दिसांत पाडून साधी घोटाई करून देतो. काईच दिसनार न्हाई."

"पाडली तर गाव इचारंल, काहून पाडली." किशनराव शांतपणे म्हणाले. "काय सांगू? आन घेतलेलं वाण कुनी माघारी देत न्हाई. आमच्यात तरी न्हाई. ऱ्हाऊ द्या."

"मंग मी..."

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना." ते आत बघून म्हणाले, "सूनबाई, मिस्तऱ्याला चा ठेवा."

मिस्तरी. लग्नापासून त्या तोंडातून ‘याही’शिवाय दुसरं नाव निघालं नव्हतं. सुग्रीवनं चहा घेतला. पोळत होता तरी घोटाघोटानं सगळा घेतला, कारण कप खाली ठेवला की निघायचं होतं.

शिवकन्या फाट्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत आली. ऊन उतरलं होतं, वखरलेल्या रानातून गरम वाफ येत होती. एसटी दिसली तेव्हा म्हणाली, "आता कुनी इचारलं तर सांगाया येईल मला." तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. दमलेल्या बाईचा आवाज होता.

सुग्रीव आजही न्हाण्या करतो. फुटकं काढा म्हणतो, पण हाती आलेल्या तुकड्याची कड आधी बघतो, आणि काम संपलं की मालकाला बोलावून सगळे तुकडे त्याच्यासमोर मोजून पोत्यात भरतो. लोकांना वाटतं, वय झालं तसा मिस्तरी जरा चक्रम झाला.

पंचमीला लेकीला माहेरी न्यायला तो गेला. पाऊस होऊन गेला होता, पायांना गुडघाभर चिखल होता. किशनराव म्हणाले, "या मिस्तरी, बसा." मनकर्णाबाईनं आतूनच कशी हायेत छबूबाई म्हणून विचारलं. हरिओमनं मात्र पुढं होऊन पिशवी घेतली आणि मामा म्हणाला. चिखल बघून म्हणाला, "न्हानीत जा की मामा, गरम पानी हाय."

सुग्रीव दारापर्यंत गेला. ढाळ बरोबर होता, पाणी कुठं साचलं नव्हतं. दांड्याचा रंग हाताळून हाताळून उडाला होता, म्हणजे इहीनबाई तो धरत होत्या. बाटल्यांच्या बुडातून पावसाळी उजेड येत होता, काचेची फुलं ओली होऊन चमकत होती. हंस दिसत नव्हते. त्या ओळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतळी ताणून जुन्या साडीचा पडदा टाकला होता. खाली टोकाला गाठ मारून दगड बांधला होता. आत वारं येत नव्हतं, तरी बांधला होता.

ती गाठ त्यानं संक्रांतीला बघितली होती. तशी गाठ शिवकन्याच मारायची, लहानपणापासून, शेवटी एक उलटा फेरा देऊन.

तो आत गेला नाही. दार हळूच ओढून घेतलं, अंगणातल्या रांजणापाशी येऊन दगडावर उभा राहिला आणि वाकून तांब्या शोधायला लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी तांब्या बुडवला आणि त्याच्या पायांवर पाणी ओतलं. त्यानं वर बघितलं नाही. पायांतले तोडे ओळखीचे होते, लेकीचे. चिखल निघेपर्यंत ती ओतत राहिली आणि तो खाली मान घालून पाय चोळत राहिला.